लॅक-झेड पाठ आहे, पिपेट कुठंय?

मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांचा सिंथेटिक बायोलॉजीचा, म्हणजे जिवाणूत जनुकांची नवी जोडणी करून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्याच्या शास्त्राचा, चमू उभा करावा आणि त्यासाठी आपल्या अंदाजपत्रकात रीतसर तरतूद करावी, असं कुणी सुचवलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. इथं उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजायची वेळ, आणि तुम्ही निघालात जनुकं जुळवायला! असं म्हणणारा माणूस वाईट नसतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, हे लातूरकर विसरणार कसे? पण जनुकं जुळवणं हा लांबच्या, भरल्या पोटाच्या लोकांचा उद्योग आहे आणि तो अजून आपल्या दारात यायचाय, असं या बोलण्यात धरून चाललेलं असतं. तो दारात येऊन दोन दशकं उलटली. आपण त्याच्याकडे पाठ करून उभे होतो, एवढंच.

भारतात शेतात लावायला परवानगी मिळालेलं जनुकबदलाचं पहिलं पीक म्हणजे बीटी कापूस, एका जिवाणूचं अळी मारणारं जनुक घातलेला. साल 2002. तो आणण्यात पुढाकार होता जालन्याच्या महिकोचा, बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये सुरू केलेल्या बियाणं कंपनीचा. ज्या बीटी वांग्यावरून देशभर रान उठलं आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ज्याला स्थगिती दिली, ते वांगंही याच कंपनीचं. (बांगलादेशाने 2013 मध्ये त्याला परवानगी देऊन टाकली, तो वेगळा विषय.) तिकडे वाळूजच्या एमआयडीसीत वोक्हार्टचा बायोटेक पार्क आहे, जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडून इन्सुलिन करून घेण्याचं काम तिथं चालतं. म्हणजे देशातल्या जनुकतंत्राचा नकाशा काढायला घेतला, तर मराठवाडा त्यात कोपऱ्यात येत नाही. ठळकच येतो.

मग आपल्याकडे कमी काय पडलं? त्याचं उत्तर कापसाच्या पाकिटात होतं. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं. त्यात बिगर-बीटी बियाणं असायचं. शेतकरी त्याला ‘रेफ्युजी’ म्हणायचे. ते मुख्य पिकाच्या भोवतीनं लावायचं, म्हणजे बीटीचं विष न सोसणाऱ्या काही अळ्या त्यावर जगतात, त्यांचे पतंग होतात, आणि विषाला सरावलेल्या पतंगांशी त्यांचा संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती सावकाश वाढते. हिशेब साधा होता. पण तो कुणी सांगितला? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर खरिपाच्या गर्दीत तो सांगणं शक्य नव्हतं, आणि माहितीपत्रकातली अक्षरं मुंगीएवढी. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकलं. ज्यांना वाटलं की मुद्दाम अळी लागावी म्हणून कुणी बियाणं पेरतं का, त्यांना दोष कसा द्यायचा? पहिल्या बीटी जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देईना झाल्याचं गुजरातेत 2010 मध्ये जाहीर झालं. दोन जनुकांचं वाण 2006 पासून बाजारात होतं, तेही पुढं निष्प्रभ ठरलं, आणि 2017 च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात पांढऱ्या बोंडात गुलाबी अळ्या घेऊन लोक तहसीलसमोर उभे राहिले.

तंत्र आलं, विकलं गेलं, पेरलं गेलं. ते समजून घेणारा, त्यावर प्रश्न विचारणारा आणि आपल्या भाषेत समजावून देणारा माणूस मात्र तालुक्यात तयार झाला नाही. कंपनीकडे शास्त्रज्ञ होते, ते कंपनीचे. कृषी विद्यापीठाकडे होते, ते परभणीत आपापल्या प्रकल्पात. गावातून येणारं, प्रयोगशाळेत हात घातलेलं आणि सुट्टीत पुन्हा गावी जाणारं पोरगं यांच्यामध्ये कुणी उभं केलं नाही. विद्यार्थ्यांचा चमू हवा तो यासाठी. पदक आलं तर आलं.

आता हा चमू म्हणजे काय, ते सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीत 2003 च्या जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा कोर्स झाला: जिवाणूत स्वतः आखलेलं जनुकांचं सर्किट बसवून दाखवायचं. दुसऱ्या वर्षी त्याची स्पर्धा झाली, पाच चमू आले. तीच आजची आयजेम. आता जगभरातून चारशेच्या वर चमू उतरतात, आणि बॉस्टनमध्ये भरणारा शेवटचा मेळावा 2022 पासून पॅरिसला भरतो. त्यामागची कल्पना सोपी आहे. इलेक्ट्रिशियन दुकानातून बटण, होल्डर, वायर आणून जोडणी करतो तसे डीएनएचे ठरावीक कामाचे तुकडे जोडायचे: एक तुकडा म्हणजे चालू-बंदचं बटण, दुसरा म्हणजे दिवा. जिवाणूला अमुक पदार्थ भेटला की बटण चालू, आणि रंग किंवा प्रकाश बाहेर. पुण्याची आयसर, बंगळूरची आयआयएससी, मद्रासची आयआयटी यांच्या पोरांनी या स्पर्धेत भाग घेतलेला आहे. वर्षभरात प्रश्न निवडायचा, जोडणी करायची, ती चालते का पाहायचं, ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्याशी बोलायचं आणि सगळं उघड मांडायचं. या शेवटच्या दोन गोष्टींना तिथं गुण असतात, आणि मला स्पर्धेतलं तेच सगळ्यात जास्त पटतं.

एडिंबरा विद्यापीठाच्या पोरांनी 2006 मध्ये केलेला प्रकल्प या संदर्भात सांगण्यासारखा आहे. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमधल्या कूपनलिकांत आर्सेनिक आहे, ते गावात स्वस्तात कसं ओळखायचं, असा त्यांचा प्रश्न. ई. कोलाय या जिवाणूत आर्सेनिक ओळखणारं बटण निसर्गतःच आहे. त्यांनी त्या बटणाला लॅक-झेड हे जनुक जोडलं. पाण्यात आर्सेनिक असलं की लॅक-झेड चालू होतं, जिवाणू लॅक्टोज फोडून आम्ल तयार करतो, पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) उतरतो आणि त्यात घातलेल्या पीएच-दर्शकाचा रंग बदलतो. पदवीच्या पोरांनी एका उन्हाळ्यात केलेलं काम हे.

आता लातूरला या. लॅक-झेड हे नाव ऐकून शिकवणी वर्गातल्या कुठल्याही बाकावरचं पोर हात वर करेल. बारावीच्या एनसीईआरटीत लॅक ओपेरॉन आहे. झेड, वाय, ए ही तीन जनुकं, त्यांची तीन विकरं (एन्झाइम), जेकब आणि मोनो, सगळं ओळीसकट पाठ. नीटमध्ये 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, त्यामुळे लातूर, नांदेड, संभाजीनगर इथल्या खोल्या-खोल्यांत दरवर्षी हजारो मुलं जीवशास्त्र ओळीनिशी घोकतात. एवढं पाठ जीवशास्त्र महाराष्ट्राच्या दुसऱ्या कुठल्या भागात असेल असं मला वाटत नाही. लातूर पॅटर्नला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. ऊसतोड कामगाराची, शेतमजुराची मुलं त्याच जोरावर डॉक्टर झालेली आहेत. माझी तक्रार पुढची आहे. एमबीबीएसला नंबर लागतो तो थोड्यांचा. उरलेल्यांपैकी बरीच मुलं बीएस्सीला बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी घेऊन बसतात, आणि पहिल्याच दिवसापासून ‘हुकलेले’ म्हणून बसतात. त्यांच्या डोक्यात लॅक-झेड आहे. त्याचं करायचं काय, हे त्यांना कुणी दाखवत नाही.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो, म्हणून प्रात्यक्षिकाचं बोलतो. वीस जणांची बॅच, एक चालू मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायचं साधन. शिक्षक मध्ये, पोरं कोंडाळं करून. पिपेटचं बटण दोन टप्प्यांत दाबतं: द्रव ओढायचा तर अंगठा पहिल्या टप्प्यावर थांबवायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत न्यायचा. हे हातानेच कळतं, वाचून कळत नाही. पण आपल्याकडे ते ‘डेमो’त उरकतं, आणि जर्नलमध्ये आकृती काढून सही घेतली जाते. तृतीय वर्षाला येईतो पोरीला रेस्ट्रिक्शन एन्झाइमची (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या विकरांची) दहा नावं येतात आणि एका मायक्रोलिटरचा थेंब टिपच्या टोकाला किती दिसतो, हे तिला माहीत नसतं.

चमू उभा केला तर पहिला बदल इथं होईल. बाहेरचा डीएनए जिवाणूत घालण्याची सगळ्यात साधी पद्धत पाहा. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधून पेशी काढायच्या, बर्फात ठेवून त्यात डीएनए सोडायचा, अर्धा तास थांबायचं, 42 अंशांच्या पाण्यात नळी पाऊण मिनिट बुडवायची, पुन्हा बर्फात. मग 37 अंशांवर तासभर सावरू द्यायचं, अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर पसरायचं आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून सकाळी कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) आल्या का पाहायचं. यात कुठलीच पायरी अवघड नाही, पण प्रत्येक पायरीला वीज लागते. भारनियमनात उणे 80 चा फ्रीझर रात्रभर बंद राहिला की महिन्याची मेहनत वितळते. एन्झाइम बर्फाच्या डब्यातून येतं. कुरिअरवाल्याने डबा शुक्रवारी संध्याकाळी वॉचमनच्या टेबलावर ठेवला की सोमवारी त्याचं पाणी. आणि हे एन्झाइम मागवायचं तर तीन कोटेशनं, खरेदी समिती, पोर्टल, लेखा विभागाची हरकत, हरकतीला उत्तर. माझ्या पाहण्यातल्या एका महाविद्यालयात प्रायमरचं (मागणीनुसार बनवून मिळणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याचं) बिल अडलं, कारण ते ‘रसायन’ की ‘उपभोग्य वस्तू’ हे ठरत नव्हतं. प्रायमर बंगळूर-हैदराबादहून तीन-चार दिवसांत येतो. बिलाची फाइल त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर जायला सहामाही लागली.

आणखी एक गोष्ट कुणी अहवालात लिहीत नाही, म्हणून इथं लिहितो. आपल्या बायोटेक-मायक्रोच्या वर्गांत मुलीच जास्त दिसतात. जिवाणूंची वाढ दर तासाला मोजायची तर ते काम संध्याकाळी सहाला थांबत नाही. वसतिगृहाचं फाटक मात्र सातला लागतं. मुलांना प्रयोगशाळेच्या किल्ल्या मिळतात, मुलींना परवानगीचा अर्ज. रात्रीची प्रयोगशाळा, तिथं हजर असणारी सहायक, आणि वसतिगृहापर्यंत सोडणारी गाडी, या तीन गोष्टी ज्या विद्यापीठाला जमत नाहीत, त्याने चमू जाहीर करू नये. नाहीतर गटाच्या फोटोत आठ मुली आणि रात्रीच्या कामाला दोन मुलगे, असं चित्र उभं राहील.

पण साधनं मिळाली म्हणजे झालं असंही नाही. चमूने प्रश्न कोणता घ्यायचा, यावर माझा जास्त जोर आहे. स्पर्धेत भाग घेणारे नवखे चमू एक चूक नेहमी करतात: आधी एखादी मोहक जोडणी आवडते, मग तिला चिकटवायला समाजाचा प्रश्न शोधतात. कॅन्सर, प्लॅस्टिक, हवामानबदल. पोस्टरवर छान दिसतं. आपल्याकडे उलट्या बाजूने सुरुवात करता येते, कारण प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही.

किनवटचं उदाहरण घेऊ. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला दख्खनचा काळा बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइटचा खडक लागतो. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त उतरतं. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांचे गुडघे-कंबर आखडलेली. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. फ्लोराइडला चव नाही, वास नाही, पाणी दिसायला नितळ. आता सिंथेटिक बायोलॉजी यात काय करते? बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूकडे आरएनएचा एक तुकडा आहे, जो फ्लोराइड चिकटला की आपली घडी बदलतो आणि पुढचं जनुक चालू होऊ देतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हे बटण जिवाणूतून बाहेर काढलं. पेशी फोडून उरलेली यंत्रणा, बटण आणि पिवळा रंग तयार करणारं जनुक, असं सगळं एका नळीत वाळवून ठेवलं. त्यात पाणी घातलं की यंत्रणा जागी होते, फ्लोराइड असेल तर नळी पिवळी. कोस्टारिकातल्या पाण्यावर त्यांनी ती वापरून पाहिली, आणि 2020 मध्ये ते काम छापून आलं. नळीत जिवंत असं काहीच नसतं, हे महत्त्वाचं, त्याकडे पुढं येतो.

यावर एखादा जाणता पाणीपुरवठा कर्मचारी लगेच म्हणेल: साहेब, जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासायचा संच दिलाय, रंग जुळवून फ्लोराइड सांगतो, तुमची जनुकाची नळी कशाला? बरोबर आहे त्याचं. शिवाय ती नळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या आसपास बोलू लागते, आणि आपली मर्यादा त्याच्या खाली आहे. म्हणूनच हा प्रश्न विद्यार्थ्यांसाठी चांगला आहे, असं मी म्हणेन. पहिले तीन महिने चमूने प्रयोगशाळेत पाऊलच टाकू नये. त्या बायांच्या शेजारी बसावं. संच कपाटात पडून आहे की वापरात? रंगाच्या दोन छटांतला फरक संध्याकाळच्या उजेडात कळतो का? औषधाची बाटली संपली की पुढची कधी येते? तेच पाणी जिल्हा प्रयोगशाळेत पाठवलं तर आकडा जुळतो का? आणि ‘पाणी खराब’ असं कळल्यावर बाई जाते कुणाकडे? हे सगळं पाहून जुना रासायनिक संचच बरा, फक्त औषध वेळेवर हवं, असं निघालं, तर चमूने ते लिहून जिल्हा परिषदेला द्यावं आणि दुसरा प्रश्न घ्यावा. बटण जास्त हळवं करण्याची गरज खरोखर आहे असं निघालं, तर मग बसावं प्रयोगशाळेत. ते काम पदवीच्या मुलांच्या आवाक्यातलं आहे.

असे प्रश्न अजून किती तरी. ओल्या मक्याच्या साठवणीत वाढणारी बुरशी आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, जो पांढरी माशी पसरवते आणि चार-दोन झाडांवर असताना ओळखला तर ती उपटता येतात. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीचा स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी. आणि बोगस बियाणं: 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही तेव्हा औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. तणनाशकाला दाद न देणारं बेकायदा कापूस बियाणं तर दरसाल चोरून विकलं जातं. पाकिटात कुठलं जनुक आहे हे पैसे मोजणाऱ्याला कळायला मार्ग नाही. एखादं जनुक पाकिटातल्या बियाण्यात आहे की नाही, हे पीसीआरवर (डीएनएचा हवा तो तुकडा लाखो पटींनी वाढवणाऱ्या यंत्रावर) पाहणं तृतीय वर्षाच्या मुलांना अर्ध्या दिवसाचं काम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक विद्यार्थी-प्रयोगशाळा जूनच्या आधी एवढं जरी करू लागली, तरी काउंटरमागच्या माणसाचा सूर बदलेल.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक गाठ जनुकानेच सोडवायची असा हट्टही नको. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ज्वारी 2018 मध्ये आली, लोह आणि जस्त जास्त असलेली. ती नेहमीच्या पैदास पद्धतीने केलेली आहे, बाहेरचं जनुक घालून नव्हे. सिंथेटिक बायोलॉजी शिकणाऱ्या मुलांना हे आधी दाखवावं, म्हणजे हातात हातोडी आली की सगळीकडे खिळे दिसायचा रोग त्यांना लागणार नाही.

आता भीतीचा मुद्दा. तो हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. अँटिबायोटिकला न जुमानणारं जनुक घातलेला जिवाणू बेसिनमधून नाल्यात गेला तर? गावात तपासणीला जिवंत जिवाणूची बाटली नेली आणि ती फुटली तर? प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांना उत्तरं आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 चे नियम आहेत. असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, तीत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो, आणि प्रयोगाच्या जोखमीनुसार वरच्या समित्यांची परवानगी लागते. प्रयोगशाळेतले नेहमीचे ई. कोलाय माणसाच्या पोटात टिकू नयेत इतके दुबळे केलेले असतात. वापरलेली प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) 121 अंशांवर शिजवूनच बाहेर जायला हवी. आयजेमचाही नियम आहे की बदललेला जीव प्रयोगशाळेबाहेर सोडायचा नाही. म्हणून तर वाळवलेल्या, पेशीविरहित नळीचं महत्त्व: गावात जाते ती यंत्रणा, जीव नव्हे.

पण कागदावरचे नियम आणि आपल्या इमारती यांत अंतर असतं. ऑटोक्लेव्हचं गॅसकेट गेलंय, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवलाय, तोवर प्लेटा फिनाइलमध्ये बुडवून ठेवू, हे संवाद मी ऐकलेले आहेत. अशा जागी जनुकांचं काम सुरू करू नये, या मताचा मीही आहे. फरक इतकाच की ‘म्हणून नकोच’ असं मी म्हणत नाही, गॅसकेट बदला म्हणतो. प्रत्येक महाविद्यालयाने आपली वेगळी समिती करण्यापेक्षा संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि परभणीचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून एक चांगल्या दर्जाची प्रयोगशाळा आणि खरोखर बैठका घेणारी समिती उभी करावी. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, ते जागा म्हणून सोयीचं. अडचण माहीत आहे: दोन विद्यापीठं उच्च शिक्षण खात्याची, तिसरं कृषी खात्याचं, आणि दोन खात्यांच्या मधली दरी आपल्याकडे गोदावरीहून रुंद. पण पोरं एकत्र यायला खात्यांचं विलीनीकरण लागत नाही, एक सामंजस्य करार पुरतो. आणि त्या समितीत किनवटकडची पाणी तपासणारी एखादी बाई बाहेरची सदस्य म्हणून बसवावी. नियमात बसत नसेल तर आमंत्रित म्हणून. ती विचारेल ते आपल्या कुणाला सुचणार नाही.

आई-बाप विचारतात: सर, हे कामून करायचं? याचं पुढं काय हाय? याला गोड उत्तर देऊ नये. चमूतल्या बहुतेक मुलांचं पुढं शास्त्रज्ञ होणं नाही. काही वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत गुणवत्ता तपासणीला लागतील, काही स्पर्धा परीक्षेला बसतील, काही शिक्षक होतील. पण ज्याने आठ वेळा फसलेली जोडणी नवव्यांदा करताना स्वतः चूक शोधली, आणि सरपंचासमोर उभं राहून ती मराठीत सांगितली, तो कृषी अधिकारी म्हणून बसला तर रेफ्युजीचं पाकीट बांधावर जाऊ देणार नाही.

पैसा. स्पर्धेच्या नोंदणीचं शुल्क हजारो डॉलरांत जातं, वर पॅरिसची तिकिटं आणि व्हिसा. हा आकडा ऐकूनच कुलसचिव फाइल बाजूला ठेवतात, आणि मला विचाराल तर बरोबर करतात. स्पर्धा श्रीमंत संस्थांच्या सोयीची झालेली आहे, हे खरं आहे. काही जण म्हणतील, बियाणं आणि औषध कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) आहे ना. घ्यावा, पण यंत्रांपुरता. फ्रीझर कंपनीचा चालेल, प्रश्न कंपनीचा चालणार नाही. नाहीतर बोगस बियाणं तपासणारी प्रयोगशाळा आणि बियाणं विकणारा यांचं बिल एकच होईल. रोजचा खर्च मात्र विद्यापीठानेच करायचा. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि सामाजिक सहभागाची क्रेडिटं अभ्यासक्रमात आलीच आहेत. आज ती झेरॉक्सच्या दुकानात तयार होतात, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलतं. चमूच्या कामाला तीच क्रेडिटं द्यावीत, म्हणजे मुलांना परीक्षा की प्रयोग असं निवडावं लागणार नाही. आणि मार्गदर्शक म्हणून कायम नोकरीतला एक तरी प्राध्यापक द्यावा. तासिका तत्त्वावरच्या माणसाला मार्चमध्ये घरी पाठवायचं आणि जूनपर्यंत जिवाणूंचं कल्चर त्याने जपून ठेवावं अशी अपेक्षा करायची, हे चालणार नाही.

मराठवाड्याचा अनुशेष म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे धरण, रस्ते, रेल्वे येते. वि. म. दांडेकर समितीपासून आपण तो मोजत आलो. 1974 च्या विकास आंदोलनात याच भागातले विद्यार्थी रस्त्यावर होते, वसमतच्या गोळीबारात विद्यार्थी गेले, आणि त्यांच्या मागण्यांत रोजगार होता, ब्रॉडगेज होतं. आजच्या विद्यार्थी संघटनांनी निवेदनात चालू ऑटोक्लेव्ह आणि रात्रीची प्रयोगशाळा लिहायला हरकत नाही. कुलगुरूंना घेराव घालायचे विषय तेवढेच ठेवायला हवेत असं थोडंच आहे?

माझं साधं म्हणणं असं: पहिली दोन वर्षं पॅरिसची नोंदणी करूच नये. त्या पैशात एक फ्रीझर, त्याला बॅकअप, सहा पिपेट आणि एक पूर्णवेळ लॅब असिस्टंट बसवावा. मुलांनी एक प्रश्न घ्यावा, त्याचा निकाल त्या गावच्या ग्रामसभेत मांडावा, आणि वहीतले फसलेले प्रयोगही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावेत, म्हणजे पुढच्या बॅचला शून्यापासून सुरुवात नको. विद्यापीठाचं अंदाजपत्रक मार्चच्या अधिसभेत येतं. अधिसभा सदस्यांची मुदतीत दिलेली एक दुरुस्ती सूचना त्यासाठी पुरेशी आहे, आणि निवडून आलेले पदवीधर सदस्य आपल्याकडे आहेत.